पाच नंबरची वाट

मेलबर्नहून वेस्टर्न हायवेने निघालं की बॅलरॅट, अरारट, स्टॉल अशी गावं एकेक करून मागे पडतात आणि हॉर्शम जवळ येईपर्यंत जमीन इतकी सपाट होते, की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला नजर कुठे टेकवावी तेच कळत नाही. एप्रिल महिना होता. सुगी कधीच उरकलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळट धसकटं आणि मधूनच धान्य साठवायचे उंच सायलो. गाडी माझी भाची चालवत होती. पुण्यात होती तेव्हा तिची प्रत्येक सुट्टी कुठल्या ना कुठल्या सुळक्यावर जायची; मेलबर्नला नोकरी लागली आणि त्या सुट्ट्या इकडे वळल्या. मी तिची मावशी, पन्नाशी ओलांडलेली. राजगड-तोरणा पायी केलेले, पण कंबरेला दोर बांधून खडक कधी चढले नव्हते. "मावशी, समोर बघ," ती म्हणाली. क्षितिजावर एक निळसर ढिगारा दिसत होता. हाच माउंट अरापिलीज, जगभरातले क्लाइंबर ज्याच्यासाठी इथवर येतात तो. मला तो फार लहान वाटला. एवढ्यासाठी चार तासांचा प्रवास, हा विचार मनात आलाच.

डोंगराच्या दहाएक किलोमीटर अलीकडे नॅटिमक लागतं. एक मुख्य रस्ता, जुनी विटांची दुकानं, दुकानांपुढे पत्र्याचे व्हरांडे, एक पब. १८७०च्या दशकात जर्मन लूथरन शेतकरी कुटुंबं इथे येऊन वसली. त्यांच्या वंशजांची शेतं अजून आहेत. दुसरी वस्ती आली ती शंभर वर्षांनी. १९६०च्या दशकात मेलबर्नच्या क्लाइंबरांना हा डोंगर सापडला आणि पुढच्या दशकांत त्यांतले काही जण इथेच घरं घेऊन राहिले. त्यामुळे गव्हाच्या या छोट्याशा गावात क्लाइंबिंगचं सामान विकणारं दुकान आहे, शिक्षक, परिचारिका, चित्रकार अशी मंडळी आहेत आणि दर दोन वर्षांनी भरणारा नॅटी फ्रिंज नावाचा कलामहोत्सवही आहे. त्यात गावातल्या सायलोच्या उभ्या भिंतीवर दोराला लटकून नाच केले जातात, रात्री त्याच भिंतीवर चित्रं पाडली जातात. क्लाइंबर आणि शेतकरी एकाच गावात राहिले की काय घडतं, ते त्या भिंतीवर दिसतं.

संध्याकाळी पबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्कर शेतकऱ्याशी बोलणं निघालं. ही जमीन विमेरा भागातली. इथे गहू, बार्ली, कनोला होतं एवढं मला भाचीने सांगितलं होतं. "आणि मसूर," तो म्हणाला. हिवाळ्याच्या तोंडावर पेरायचा, नोव्हेंबर-डिसेंबरात काढायचा आणि बराचसा बोटीने भारत-बांगलादेशाकडे पाठवायचा. त्याने मला विचारलं की तुम्ही त्याचं नेमकं करता काय. मी त्याला आमटीची कृती सांगितली. चिंच आणि गूळ एकाच भांड्यात कशासाठी हे समजावताना माझं इंग्रजी अपुरं पडलं, पण त्याने मनापासून ऐकून घेतलं. इतकी वर्षं मसुराची आमटी करते आहे, पण मसूर कुठून येतो हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडलाच नव्हता.

मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी पाइन्स नावाच्या तंबूतळावर होता. जवळ गेल्यावर माझं आकाराबद्दलचं मत बदललं. समुद्रसपाटीपासून ३६९ मीटर, भोवतालच्या मैदानापासून मोजला तर साधारण १४० मीटर. पण तो मैदानातून एकदम उठतो. शेत संपतं आणि थोड्याच अंतरावर नारिंगी-करड्या खडकाची भिंत सरळ वर जाते. दगड वाळूचा, पण क्वार्ट्झाइटइतका कठीण झालेला. भाचीने एका कंगोऱ्यावर मूठ आपटून दाखवली. तिचं सह्याद्रीतलं शिक्षण बेसॉल्टवर झालेलं. तिथे पहिला धडा असा, की धरलेला दगड हातात निघून येऊ शकतो, म्हणून आधी ठोकून बघायचं. इथेही ती ठोकूनच बघते. पण इथला दगड सहसा जागा सोडत नाही, हे कळायलाही तिला वेळ लागला होता.

शिकवायला मात्र ती तयार नव्हती. "मी सोबत असेन, पण शिकवायला परवाना असलेली गाइडच हवी. घरच्या माणसाचं आपण नीट ऐकत नाही," ती म्हणाली आणि ते खरं होतं. गाइड जवळजवळ माझ्याच वयाची निघाली, अनेक वर्षं याच गावात राहिलेली. तिने सकाळी पहिल्यांदा हार्नेस दिला. कंबरेभोवती एक आणि दोन्ही मांड्यांभोवती एकेक असे आवळायचे पट्टे. मग रबरी तळाचे, बोटं दुमडली जातील इतके घट्ट बूट. मग हेल्मेट. आणि मग गाठ. दोराला आधी आठच्या आकड्यासारखा वेढा द्यायचा, टोक हार्नेसमधून ओवायचं आणि त्याच आकड्याच्या वाटेने उलटं परत न्यायचं, दोन्ही पदर शेजारी-शेजारी, कुठेही एकमेकांवर न चढता. सांगायला सोपं आहे. माझे पदर एकमेकांवर चढतच राहिले. तिने एकदाही माझ्या हातातून दोर घेतला नाही. सोडायला लावायची, पुन्हा बांधायला लावायची. शेवटी गाठ सपाट बसली तेव्हा तिने ती बोटांनी चाचपली आणि मग स्वतःची गाठ माझ्यापुढे धरून म्हणाली, "आता तू माझी तपास." मी आजच शिकले, मी काय तपासणार, असं मी म्हटलं. हाच नियम आहे, ती म्हणाली: कितीही मुरलेला क्लाइंबर असो, निघण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ, बकल आणि दोर पाहायचा. गाठ अर्धीच राहिल्यामुळे पडलेली माणसं नवखी नव्हती.

खालून दोर सांभाळण्याला बिले म्हणतात. सह्याद्रीतली मुलंही हाच शब्द वापरतात. हार्नेसला अडकवलेल्या एका लहानशा यंत्रातून दोर जातो. चढणारा वर जाईल तसा ढिला पडणारा दोर ओढून घ्यायचा आणि तो निसटलाच तर दोर खाली मुडपून धरायचा, म्हणजे घर्षणाने तो यंत्रात अडकतो. ताकद फारशी लागत नाही. लागतं ते लक्ष. ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही काढायचा नाही. नाकावर माशी बसली तरी नाही, आणि एप्रिलमध्येही तिथे माश्या होत्याच. माझ्या हातात एका माणसाचं वजन आहे, हे मला खऱ्या अर्थाने कळलं भाची वरून मुद्दाम दोरावर लटकली तेव्हा. मी जमिनीवरून वीतभर उचलली गेले. दोर मात्र सरकला नाही.

माझी पाळी आली ती एका तिरप्या, गुळगुळीत दिसणाऱ्या खडकावर. धरायला काही नाही असं पाहून मी खडकाला बिलगले आणि पाय घसरायला लागले. "मागे हो, खडकापासून लांब," गाइड खालून सांगत होती. भीती वाटते तेव्हा अंग आपोआप खडकाकडे झुकतं आणि नेमकी तीच अडचण आहे. अंग खडकाला टेकलं की पावलांवरचा भार तिरपा होतो आणि रबराची पकड सुटते. कंबर बाहेर काढून, टाचा खाली टाकून उभं राहिलं की सगळा भार तळव्यातून खडकात जातो आणि ज्याला खाचही म्हणता येणार नाही अशा खडबडीवर माणूस उभा राहतो. मी उभी राहिले. हात मोकळे होते. हातांनी ओढून वर जायचं, ही माझी समजूत तिथे संपली. चढायचं पायांनी असतं, हात तोल राखायला. तरीही वर पोचेपर्यंत माझ्या पोटऱ्या अशा थरथरत होत्या, की ते खाली उभ्या असलेल्या दोघींना दिसत होतं.

दुपारी सावलीत बसून आकड्यांचा उलगडा झाला. ऑस्ट्रेलियात प्रत्येक वाटेच्या नावापुढे एक आकडा असतो. ही पद्धत १९६०च्या दशकात जॉन यूबँक या क्लाइंबरने आणली. आकडा एकापासून सुरू होतो, वर मर्यादा नाही. उद्या कोणी आजच्यापेक्षा अवघड वाट चढलं तर पुढचा आकडा. चढाई किती कठीण, किती लांब, किती उघड्यावर, दोर अडकवायला जागा किती, हे सगळं त्या एकाच आकड्यात येतं. अरापिलीजवर दोन हजारांहून जास्त वाटा आहेत आणि या डोंगराचं मोठेपण मला यात दिसलं, की सोप्या वाटाही इथे लांबलचक आणि देखण्या आहेत. इतर ठिकाणी नवख्याला कोपऱ्यातला एखादा खडक मिळतो. इथे पाच नंबरची वाट डोंगराच्या माथ्याकडे नेते. तिचं नाव टिपटो रिज, उंची सुमारे १२० मीटर. "उद्या तीच," गाइड म्हणाली. मी होकार दिला आणि रात्री तंबूत फारशी झोपले नाही.

इथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागली. या डोंगरावरच्या बहुतेक वाटांवर खडकात कायमचे ठोकलेले बोल्ट नाहीत. पुढे जाणारा आपलं संरक्षण आपणच लावत जातो आणि मागून येणारा ते काढत येतो, त्यामुळे खडकावर काही उरत नाही. संरक्षण म्हणजे भेगेत बसवायचे धातूचे तुकडे. एक प्रकार नटचा. तारेच्या टोकाला लावलेली छोटी पाचर. भेग जिथे वर रुंद आणि खाली अरुंद असते तिथे ती वरून घालायची आणि खाली ओढून बसवायची. दुसरा कॅम, खटका ओढला की त्याचे पंखे मिटतात, भेगेत नेऊन खटका सोडला की ते उघडतात आणि दोन्ही बाजूंना दाबून बसतात. यांना दोर जोडलेला असतो आणि माणूस पडलाच तर हीच बोटभर वस्तू त्याला धरते.

दुसऱ्या दिवशी टिपटो रिजवर मी मागून जाणारी, तेव्हा काढण्याचं काम माझं. पहिला नट निघाला. दुसरा अडकला. भेग माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होती. आत खडकाचा रंग बाहेरच्यापेक्षा फिका, कडेला राखाडी शेवाळाची खपली, आणि त्या दोन कडांच्या मधोमध पाचर इतकी नेमकी बसलेली, की तिच्यासाठीच ती जागा कोरली असावी. मी खाली ओढत राहिले. जितकं ओढलं तितकी ती रुतली. गाइडने दिलेली चपटी लोखंडी पट्टी हार्नेसला लटकत होती. तिने पाचर खालून वर ठोकायची असते, ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बाहेर. दोनचार ठोके दिले आणि नट तारेसकट हातात आला. त्याच्या कोपऱ्यावर खडकाने पाडलेला चकचकीत ओरखडा होता. इतका वेळ मी केवळ दोरावर विश्वास ठेवून चढत होते; दोर कशावर विश्वासून आहे ते त्या ओरखड्यात दिसलं.

टिपटो रिज म्हणजे खडकाची धार. एकाच दोरात संपत नाही, टप्पे करावे लागतात. गाइड पुढे जायची, एखाद्या कट्ट्यावर पोचून तीन वेगवेगळ्या ठिकाणी संरक्षण लावायची आणि ती तिन्ही एकत्र बांधून मुक्कामाची जागा पक्की करायची. एक निसटलं तरी बाकीची धरतील अशा बेताने. मग वरून हाक यायची: "सेफ!" थोड्या वेळाने दुसरी: "तयार असशील तेव्हा चढ." हाकांच्या मधला वेळ फार लांब असतो. गाइड नजरेआड गेलेली, आवाज वाऱ्यात हरवतो, आणि पायाशी पडलेला दोर हळूहळू वर सरकतो एवढीच तिची खबर. क्लाइंबिंगमध्ये इतकं थांबावं लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या थांबण्यात भीती आधी वाढते, मग तिचा कंटाळा येतो, आणि मग शेजारच्या खडकात घर करून राहिलेलं पिटुकलं झुडूप दिसायला लागतं.

धारेवर एके ठिकाणी थोडं खाली उतरून पलीकडच्या खडकावर पाय टाकायचा होता. अंतर मोठं नव्हतं. घरात तेवढं पाऊल मी विचार न करता टाकते. पण दोन्ही बाजूंना मैदान खूप खाली होतं आणि माझा पाय उचलेना. वरून कोणी घाई केली नाही. दुसऱ्या दोरावर मागे असलेली भाची जवळ आली आणि म्हणाली, "मावशी, तुझा दोर ओढून बघ." मी ओढला. तो ताठ होता, पलीकडे कोणीतरी धरून ठेवलेला. "आणखी जोरात." ओढला. तसाच. मग मी पाय टाकला. मला धीर आला तो कोणाच्या शब्दाने नव्हे. मी स्वतः ओढून पाहिलेल्या दोराने तो दिला.

माथ्यावरून विमेराचं मैदान पूर्ण गोल दिसतं. उत्तरेला मायटर रॉक नावाची एकटी टेकडी, आग्नेयेला ग्रॅम्पियन्सच्या, म्हणजे गारीवर्डच्या निळ्या रांगा, आणि बाकी सगळी शेतं. उतरताना गाइडने फॅरॉस नावाचा सुटा उभा खडक लांबून दाखवला. त्यावर पंक्स इन द जिम ही वाट आहे. १९८५ साली जर्मनीचा वोल्फगांग गुलिख ती चढला तेव्हा ती जगातली सर्वांत अवघड वाट मानली गेली, आकडा ३२. तिथे पाहण्यासारखं काही आहे असं लांबून वाटतही नाही, नुसती पिवळसर भिंत. मी पाच नंबरची वाट करून दमलेली होते, म्हणूनच की काय, त्या भिंतीकडे बघताना माझ्या मनात निव्वळ आदर होता.

डोंगराचं जुनं नाव ड्युरिट. हा वोटजोबालुक लोकांचा प्रदेश. मेजर थॉमस मिचेल १८३६ च्या जुलैमध्ये इथे आला आणि आपण स्पेनमध्ये लढलेल्या युद्धातल्या टेकड्यांचं नाव याला देऊन गेला. त्याआधी हजारो वर्षं इथले लोक याच कठीण दगडाची हत्यारं घडवत होते. खडकाच्या पायथ्याशी त्यांच्या खाणींच्या खुणा आहेत. वोटजोबालुक आणि शेजारच्या समूहांचा या प्रदेशावरचा हक्क न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यातली उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स व्हिक्टोरियाने या खुणा जपण्यासाठी क्लाइंबिंगचा मोठा भाग बंद करण्याचा मसुदा मांडला, तेव्हा नॅटिमकमध्ये फार अस्वस्थता पसरली. ज्यांचं पोट आणि आयुष्य या खडकावर आहे त्यांना विश्वासात घेतलं नाही, ही त्यांची तक्रार. गाइड हे सांगताना जपून बोलत होती. तिला दोन्ही बाजू जवळच्या होत्या. माझं मत तिला मी सांगितलं, ते इथेही सांगते. आपल्या लेण्यांच्या भिंतींवर आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेली नावं मी पाहत आले आहे. ज्यांच्या पूर्वजांचे हात एखाद्या दगडावर फिरले, त्यांनी "इथे नको" म्हटलं तर तिथे पाय ठेवू नये. त्याचबरोबर, नट काढून घेऊन खडक होता तसा सोडणारी माणसं त्याचे शत्रू नाहीत. नेमकी कुठली जागा राखायची हे त्यांच्यासोबत बसून ठरवायला हवं.

मेलबर्न-अ‍ॅडलेडकडे आपली बरीच मुलंबाळं राहतात आणि आपण त्यांच्याकडे गेलो की शहरं आणि समुद्रकिनारे बघून परततो. त्यातले दोन दिवस नॅटिमकसाठी काढा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीला टेकतो. तंबूची जागा आधी राखून ठेवा. सध्या कुठला भाग खुला आहे आणि कुठला नाही, हे पार्क्स व्हिक्टोरियाकडून निघण्यापूर्वी पाहून घ्या आणि तिथल्या पाट्या पाळा. परवाना असलेली गाइड घ्या, घरचं माणूस कितीही तयार असलं तरी. वयाचा विचार करून मागे राहू नका. पाच नंबरची वाट तुमच्यासाठीच आहे.